उन्हाळ्यात हिरव्या डोक्याची बदकं जातात कुठे?

युरोप किंवा उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या तळ्यावर हिवाळ्यात गेलं, की बदकांच्या जोड्या दिसतात. चकचकीत हिरव्या डोक्याचा नर आणि त्याच्या शेजारी साधी तपकिरी मादी. मार्च-एप्रिलपर्यंत हे चित्र असंच असतं. त्याच तळ्यावर जुलैच्या अखेरीस, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात जावं, तर हिरवं डोकं औषधालाही सापडत नाही, सगळी बदकं तपकिरी. नर कुठेतरी उडून गेले असावेत, असं पुष्कळांना वाटतं. काही नर खरोखरच मोठ्या पाणवठ्यांकडे गेलेले असतात, पण बरेचसे समोरच पोहत असतात. त्यांनी रंग उतरवलेला असतो, आणि त्या दिवसांत त्यांना उडताही येत नाही.

हे बदक म्हणजे मॅलार्ड. बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की याचं नाव हमखास निघतं, कारण हा विषाणू बाळगणाऱ्या रानपक्ष्यांत ते अग्रभागी आहे. लोक त्याला इतकं पाहतात की त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं, की मॅलार्ड समजून घ्यायचं असेल तर नजर हिरव्या डोक्यावरून काढून शेजारच्या तपकिरी मादीवर स्थिर करावी. नराचा रंग कशासाठी, तो निघून का जातो, आवाज कुणाचा मोठा, या सगळ्याची उत्तरं तिच्यापाशी आहेत.

## आधी ओळख पटवू

मॅलार्डचं शास्त्रीय नाव 'अ‍ॅनस प्लॅटिऱ्हिंकोस'. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली. लांबी साधारण ५० ते ६५ सेंटिमीटर, पसरलेल्या पंखांची रुंदी ८० ते ९८ सेंटिमीटर, वजन एक किलोच्या आसपास. नर थोडा मोठा असतो. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाचा समशीतोष्ण पट्टा हे त्याचं मूळ घर. उत्तरेकडचे थवे थंडीत दक्षिणेकडे सरकतात, त्यातले काही उत्तर भारतापर्यंत येतात. जिथे पाणी गोठत नाही, तिथली बदकं वर्षभर एकाच जागी राहतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र त्याला माणसाने नेलं.

विणीच्या पेहरावातला नर ओळखायला अभ्यास लागत नाही. हिरवं डोकं, गळ्याभोवती पांढरी बारीक कड, जांभळट तपकिरी छाती, राखाडी अंग, काळा पार्श्वभाग आणि त्यावर वर वळलेली दोन-चार काळी पिसं. चोच पिवळी, पाय नारिंगी.

मादी मात्र जवळून बघायला हवी. लांबून ती नुसती मातकट दिसते. दुर्बिणीतून पाहिलं तर तिच्या पाठीवरचं प्रत्येक पीस वेगळं उठून येतं: मधोमध गडद तपकिरी, आत इंग्रजी व्ही अक्षरासारखी फिकट रेघ, कडेला वाळक्या गवताच्या रंगाची किनार. अशी शेकडो पिसं एकमेकांवर बसली, की सुकलेल्या गवतात ऊन-सावली पडावी तसं अंग तयार होतं. डोळ्यावरून एक गडद रेघ जाते, त्यामुळे काळाभोर गोल डोळाही चटकन लक्षात येत नाही. तिची चोच नारिंगी, वर काळसर डाग. नर आणि मादी दोघांच्याही पंखावर निळा-जांभळा चमकता पट्टा असतो, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा असलेला. पंख मिटलेले असले की तो बहुतेक वेळा झाकलेला राहतो, उडताना उघडा पडतो.

## हा हिरवा रंग पिसात नसतोच

नराच्या डोक्यावरच्या पिसांत हिरवा रंगकण शोधायला गेलं तर मिळणार नाही. तिथे असतो तो मेलॅनिन, म्हणजे केस आणि कातडी काळी करणारा तोच परिचित रंगकण. मग हिरवं दिसतं कशामुळे? पिसाच्या सूक्ष्म धाग्यांत मेलॅनिनच्या अतिशय बारीक कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात. प्रकाश त्या थरांवर आपटून परततो, तेव्हा काही रंगांच्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या एकमेकींना मारतात. मॅलार्डच्या डोक्यावर बळ मिळतं ते हिरव्याला. साबणाचं पाणी रंगहीन असतं, तरी फुग्यावर रंग खेळतात आणि मान हलवली की बदलतात. इथेही तत्त्व तेच आहे. अशा रंगाला रचनेचा रंग म्हणतात. त्यामुळेच नराने मान वळवली की हिरवं डोकं क्षणभर निळं, जांभळं किंवा थेट काळं दिसतं. पंखावरचा निळा पट्टाही असाच तयार होतो.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. आपण गृहीत धरतो की तपकिरी हा साधा, मूळ रंग, आणि नराचं हिरवं डोकं ही वरून केलेली सजावट. बदकांच्या शरीरात उलटं आहे. मादीच्या अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पिसं तपकिरी उगवतात. ते नसेल तर नरासारखा रंगीत पिसारा येतो. म्हातारपणी किंवा आजाराने अंडाशय काम करेनासं झालं, तर मादीच्या डोक्यावरही हिरवी पिसं येऊ लागतात, शेपटीवर वळलेली पिसंही दिसतात. म्हणजे लपवणारा तपकिरी रंग मादीचं शरीर मुद्दाम तयार करतं. तो का लागतो, हे तिच्या घरट्यापाशी गेल्यावर कळतं. आधी उन्हाळ्याचं कोडं सोडवू.

## मग उन्हाळ्यात तो रंग उतरतो कसा?

पिसं ही मेलेली रचना आहे. नखं-केसांसारखी ती मुळातून वाढत राहत नाहीत, झिजली की झिजली. पंखाची पिसं झिजली तर उडणं अवघड होतं, म्हणून पक्षी ती ठरावीक काळाने गाळतात आणि नवी उगवतात. बहुतेक पक्षी एका वेळी थोडीच पिसं गाळतात, म्हणजे उडणं थांबत नाही. बदकं, हंस आणि राजहंस तसं करत नाहीत. त्यांची उडण्याची सगळी मोठी पिसं जवळजवळ एकाच वेळी गळतात, आणि नवी पुरेशी वाढेपर्यंत, साधारण तीन ते चार आठवडे, पक्षी जमिनीवर आणि पाण्यावर अडकून पडतो.

असं का? अंगाच्या वजनाच्या मानाने बदकाचे पंख लहान असतात, त्यामुळे हवेत राहायला त्याला पंख फार वेगाने मारावे लागतात. दोन-चार पिसं कमी झाली तरी उड्डाण धड होत नाही. मग अर्धवट पंखांनी दोन-तीन महिने रखडण्यापेक्षा एकदाच सगळं गाळून महिन्याभरात मोकळं होणं परवडतं.

त्या महिन्यात कोल्हा आला किंवा वरून गरुड उतरला तर उडून जाता येत नाही, लपणं एवढाच उपाय उरतो. हिरवं डोकं घेऊन लपता येत नाही. म्हणून मोठी पिसं गळण्याच्या आधी नराची अंगावरची रंगीत पिसं जातात आणि त्यांच्या जागी मादीसारखी तपकिरी पिसं येतात. या तात्पुरत्या पेहरावाला पक्षीनिरीक्षक 'एक्लिप्स' पिसारा म्हणतात. उत्तर गोलार्धात हे जून ते ऑगस्टमध्ये घडतं. या काळात नर बोरू आणि लव्हाळ्यांत दडून राहतात, फारसे समोर येत नाहीत. उडण्याची पिसं परत आली की अंगावरची पिसं पुन्हा बदलतात, आणि ऑक्टोबरपर्यंत हिरवी डोकी परतलेली असतात.

जुलैमधल्या तपकिरी घोळक्यात नर कोणता, हे ओळखायची एक पक्की खूण आहे: चोच. एक्लिप्समध्येही नराची चोच पिवळसर-हिरवट आणि बिनडागी राहते. मादीची नारिंगी, काळ्या डागांची. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की ज्या तळ्यावर नर नाहीत असं वाटत होतं, तिथे ते भराभर दिसू लागतात.

मादीसुद्धा पिसं गाळते, पण नरानंतर. पिल्लं उडायला लागेपर्यंत तिला ते परवडत नाही.

## एवढा धोका आहे तर हिरवं डोकं हवंच कशाला?

कारण निवड मादी करते. मॅलार्डच्या जोड्या वसंतात जमतात असं वाटतं, पण त्या शरद ऋतूत आणि हिवाळ्यातच जमायला लागतात, अंडी घालण्याच्या कितीतरी महिने आधी. नवी पिसं आलेले नर पाण्यावर गोळा होतात आणि ठरावीक हालचाली करू लागतात. एक जण शेपूट झटकतो, मान ताणून उंच होतो, चोचीने पाण्याचा एक तुषार बाजूला उडवतो आणि बारीक शीळ घालतो. दुसरा एकाच झटक्यात डोकं आणि शेपूट दोन्ही वर उचलतो, अंग आखडून घेतो आणि लगेच मादीकडे तोंड वळवतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४१ साली वेगवेगळ्या बदकांच्या अशा हालचालींची तुलना केली आणि त्यांवरून कोणती जात कोणाच्या जवळची हे मांडलं.

मादी नुसती बघत बसत नाही. आवडलेल्या नराच्या मागून पोहत ती खांद्यावरून मान मागे वळवते आणि दुसऱ्या नराकडे चोच रोखून आवाज करते. आपला नर त्याला हाकलतो की नाही, हे त्यात तपासलं जातं.

आता कुणी विचारेल, मादीला खरंच हिरवं डोकंच आवडतं, हे कशावरून? शंका रास्त आहे. केव्हिन ओमलँड यांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच तपासलं, आणि मादीची पसंती सर्वांत सातत्याने जुळली ती पिवळ्या चोचीच्या तेजाशी. पिसं वर्षातून एकदा बनतात, त्यांवरून नर तेव्हा कसा होता एवढंच कळतं. चोचीचा पिवळेपणा खाण्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो आणि तब्येत बिघडली की लवकर फिका पडतो. त्यामुळे नराची आजची प्रकृती चोच सांगते. आपले डोळे हिरव्या रंगावर खिळतात, मादी मात्र ताज्या खुणेवर जाते, आणि मला हे तिच्या बाजूने अगदी शहाणपणाचं वाटतं.

तिची पसंती पुढे अंड्यांतही उतरते. २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या कनिंगहॅम आणि रसेल यांच्या अभ्यासात दिसलं, की पसंतीच्या नराशी जोडी जमली तर मॅलार्ड मादी मोठी अंडी घालते.

## मादीच्या वाट्याला काय येतं

घरटं जमिनीवर असतं. उंच गवतात, झुडपाखाली, कधी पाण्यापासून बरंच दूर. मादी जमीन उकरून खोलगट करते, बसल्या जागेवरून चोच पोचेल तेवढं गवत-पालापाचोळा ओढून घेते, आणि अंडी घालता घालता स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून आत पसरते. खायला जाताना हीच लव अंड्यांवर ओढते, म्हणजे ऊब टिकते आणि फिकट हिरवट अंडी उघडी पडत नाहीत.

रोज एक याप्रमाणे ८ ते १३ अंडी. एका अंड्याचं वजन साधारण ५० ग्रॅम. म्हणजे किलोभर वजनाची मादी दहा-बारा दिवसांत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त वजनाची अंडी शरीरातून बाहेर काढते. त्यासाठी प्रथिनं लागतात, म्हणून एरवी बिया-पाल्यावर भागवणारी मादी या दिवसांत कीटक, अळ्या, गोगलगायी आणि गांडुळांच्या मागे असते. नर तिच्या आसपास राहून इतर नरांना दूर ठेवतो, त्यामुळे तिला बिनत्रास खाता येतं. त्याचं खरं योगदान हेच, आणि ते कमी नाही.

सगळी अंडी होईपर्यंत मादी उबवायला बसत नाही. यात मोठी मेख आहे. पहिलं अंडं आलं तेव्हापासून बसली असती, तर पहिलं पिल्लू शेवटच्यापेक्षा दहा दिवस आधी बाहेर आलं असतं. सगळी एकदम उबवल्यामुळे साधारण चार आठवड्यांनी सगळी पिल्लं एका दिवसाच्या आत बाहेर पडतात.

तेही गपचूप नाही. अंडी फुटण्याच्या आधीच पिल्लं आतून आवाज करू लागतात आणि आई बाहेरून हळू साद देते. गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे अनेक वर्षं अभ्यासलं. त्याने अंड्यातल्या मॅलार्ड पिल्लांना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था केली. बाहेर आल्यावर या पिल्लांना आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत नीट निवड करता येईना. ज्याला आपण उपजत ज्ञान म्हणतो, त्यालाही अंड्याच्या आतला सराव लागतो.

पिल्लं जन्मतःच डोळे उघडी, अंगभर लव असलेली, पाठ तपकिरी आणि तोंड-पोट पिवळं. एका दिवसात आई त्यांना घेऊन पाण्याकडे निघते आणि पुन्हा घरट्याकडे परतत नाही. चालत, एकापाठोपाठ एक, कधी रस्ते ओलांडत. या पहिल्या तासांतच ती आपल्यासमोर हलणाऱ्या गोष्टीचा माग मनावर पक्का ठसवून घेतात. हा ठसा किती बारीक असतो, ते ऑक्सफर्डमध्ये २०१६ साली दिसलं. मार्टिन्हो आणि कासेल्निक यांनी नवजात मॅलार्ड पिल्लांना आधी दोन सारख्या आकाराच्या वस्तूंची जोडी दाखवली. नंतर पूर्ण नव्या वस्तू ठेवल्या, तरी बरीच पिल्लं सारख्या जोडीच्याच मागे गेली. ज्यांना वेगवेगळी जोडी दाखवली होती, ती वेगळ्या जोडीमागे. जन्मून जेमतेम दिवस झालेल्या पिल्लाने 'सारखं' आणि 'वेगळं' हा संबंध पकडला होता.

आई पिल्लांना भरवत नाही, ती स्वतःच खातात. ती ऊब देते, वाट दाखवते, धोका दिसला की हाक मारते. पंख तुटल्याचं सोंग करत पाण्यावर फडफडत जाऊन ती शिकाऱ्याला आपल्या मागे ओढून नेते. पिल्लांना उडायला ५० ते ६० दिवस लागतात, आणि तोवर त्यांतली बरीच गेलेली असतात. मासे, कावळे, कुरव, मिंक नावाचा पाण्याकाठचा छोटा शिकारी प्राणी, मांजरं, थंडी-पाऊस यांतून थोडीच वाचतात.

अंड्यांची गत तर याहून वाईट. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या अभ्यासकांचा हिशेब असा, की शंभरातल्या पंधरा घरट्यांत पिल्लं निघाली तरी मॅलार्डची संख्या टिकून राहते. पंधरा हा टिकून राहण्याचा आकडा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढीही निघत नाहीत. घरटं उद्ध्वस्त झालं तर मादी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते. चार आठवडे जमिनीवर निश्चल बसलेल्या तिला कोल्ह्यापासून वाचवतं ते तिचं सुकल्या गवताचं अंग. ते इस्ट्रोजेन इथे कामी येतं.

## नर मध्येच निघून जातो, हे चुकीचं नाही का?

पिल्लांच्या मागे एकटी आई पाहिली की हा प्रश्न येतोच. मादी अंड्यांवर बसली की बहुतेक नर काही दिवसांतच दूर होतात. पण तो थांबला असता तर काय झालं असतं? पिल्लं स्वतः खातात, त्यामुळे भरवायला दुसरा हात लागत नाही. आणि जमिनीवरच्या घरट्याजवळ हिरव्या डोक्याचा पक्षी घुटमळला तर शिकाऱ्याला आयता पत्ता मिळतो. नराचं जाणं मादीच्या लपण्याला पूरकच ठरतं. शिवाय त्याला पिसं गाळायला सुरक्षित पाणवठा गाठायचा असतो.

दुसरी एक गोष्ट मात्र सौम्य शब्दांत टाळू नये. अंड्यांवर बसलेल्या माद्या अनेकदा मरतात, त्यामुळे प्रौढ पक्ष्यांत नर जास्त असतात. जोडी नसलेले, किंवा जोडी असलेलेही, नर वसंतात दुसऱ्यांच्या माद्यांचा पाठलाग करून जबरदस्तीने समागम करतात. कधी तीन-चार नर एका मादीवर तुटून पडतात, ती जखमी होते, क्वचित बुडून मरते. तळ्यावर हे पाहून लोक हादरतात, आणि हादरण्यासारखंच आहे ते.

मादीचं शरीर याला उत्तर देतं. पॅट्रिशिया ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक बदक जातींचा अभ्यास मांडला. बहुतेक पक्ष्यांना नसतं ते शिश्न बदकांच्या नरांना असतं, आणि ते पिळदार असतं. ज्या जातींत जबरदस्ती जास्त, त्या जातींच्या माद्यांचा योनिमार्ग उलट्या दिशेने पिळलेला आणि आडवाटांचा. त्यामुळे पिल्लांचा बाप कोण, यावरचा मादीचा ताबा बऱ्याच अंशी टिकून राहतो.

## क्वॅक क्वॅक नक्की कोण करतं?

मादी. बदकाचा म्हणून जो मोठा आवाज डोक्यात असतो, खाली खाली उतरत जाणारी क्वॅक-क्वॅकची माळ, ती फक्त मादीची. नराचा आवाज घोगरा आणि हळू. त्याच्या श्वासनलिकेच्या तळाशी, डाव्या बाजूला, एक पोकळ हाडाचा फुगीर भाग असतो. मादीला तो नसतो. या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही अशी एक समजूत इंटरनेटवर फिरते. सॅलफर्ड विद्यापीठात ट्रेव्हर कॉक्स यांनी २००३ साली बदकाचा आवाज ध्वनिप्रयोगशाळेत नोंदवला: प्रतिध्वनी येतो, फक्त हळूहळू विरणाऱ्या आवाजात तो मिसळून जातो.

## शेपूट वर, डोकं पाण्यात

मॅलार्ड सहसा बुडी मारत नाही. अंगाचा पुढचा अर्धा भाग पाण्यात घालून, पाय मारत तोल सांभाळत, शेपूट आकाशाकडे करून ते उथळ पाण्याचा तळ धुंडाळतं. चोचीच्या कडांना आतून बारीक दाते असतात. पाणी आत ओढायचं, जिभेने बाहेर लोटायचं, बिया आणि बारीक जीव दात्यांवर अडकतात.

हे काम स्पर्शावर चालतं. चोचीच्या टोकाशी स्पर्शाच्या पेशी दाटीने असतात, त्यामुळे चिखलात काय सापडलं हे बघायची गरज पडत नाही. आणि म्हणून डोळे दुसऱ्या कामाला मोकळे राहतात. ग्रॅहॅम मार्टिन यांनी १९८६ साली दाखवलं, की मॅलार्डला मान न वळवता सभोवार, मागचं आणि डोक्यावरचंही दिसतं.

पहारा झोपेतही सुटत नाही. १९९९ साली इंडियाना स्टेट विद्यापीठातल्या नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी मॅलार्डना रांगेत झोपवून त्यांच्या मेंदूच्या लहरी टिपल्या. मधली बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवत होती, आणि मेंदूचा त्या डोळ्याशी जोडलेला अर्धा भाग जागा होता. ही अर्धी झोप कडेच्या पक्ष्यांत १५० टक्क्यांनी जास्त आढळली.

बर्फावर उभं राहून पाय गोठत कसे नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि परतणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात. उष्णता वाटेतच परतीच्या रक्ताला मिळते. पाय मुळात थंडच राहतात, त्यामुळे बर्फात ऊब वाया जात नाही.

उड्डाणातही हा पक्षी कमी नाही. पाण्यावरून धाव न घेता जवळजवळ सरळ वर उठतो. १९६३ साली अमेरिकेतल्या नेवाडावर सुमारे ६,४०० मीटर उंचीवर एका विमानाला धडकलेला पक्षी पिसांवरून मॅलार्ड ठरला. आणि अमेरिकेत पायात कडी घातलेला एक नर २७ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. बहुतेक मॅलार्ड मात्र काही वर्षांतच संपतात.

## पाव टाकायला काय हरकत आहे?

एखादा तुकडा खाऊन बदक मरत नाही. अडचण रोजच्या ढिगाची आहे. पावाने पोट भरतं, पण वाढत्या पिल्लांना लागणारी प्रथिनं त्यात नाहीत. न खाल्लेला पाव कुजतो, पाण्यात शेवाळ माजतं, उंदीर येतात. आणि एका कोपऱ्यात बदकं दाटीने जमली की रोग पसरायला सोपं जातं. द्यायचंच असेल तर धान्य किंवा वाटाणे, तेही थोडे. नाही दिलं तरी अडत नाही.

शिकारीच्या शिशाच्या छऱ्यांनी याहून फार मोठं नुकसान केलं. अन्न दळायला बदकं बारीक खडे गिळतात, त्यांत तळाशी पडलेले छरे पोटात जातात आणि विषबाधा होते. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी घातली.

## बर्ड फ्लू बदकच आणतं, मग त्याला दूर का ठेवू नये?

बर्ड फ्लूच्या, म्हणजे इन्फ्लुएंझा ए विषाणूचे सौम्य प्रकार रानबदकांत पूर्वीपासून नांदतात, मॅलार्डमध्ये विशेष करून. विषाणू त्यांच्या आतड्यांत वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो आणि थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. पक्ष्याला बहुधा काहीच होत नाही. मात्र हेच सौम्य प्रकार हजारो कोंबड्या दाटीने पाळलेल्या जागी शिरले, तर काही वेळा त्यांतून जीवघेणे प्रकार तयार होतात. एच५एन१ या प्रकाराचा जीवघेणा वंश अशाच पाळीव पक्ष्यांत घडला आणि मग रानपक्ष्यांत उलटा शिरला. हंस, गरुड, समुद्रपक्षी त्याने मोठ्या संख्येने मेले. मॅलार्ड मात्र लागण होऊनही अनेकदा लक्षणांशिवाय उडत राहतात, म्हणून विषाणू दूरवर नेणाऱ्यांत त्यांची गणना होते.

म्हणून बदकं मारून किंवा तळी आटवून प्रश्न सुटत नाही. हाकललेले पक्षी दुसऱ्या पाण्यावर जातात आणि विषाणूही बरोबर जातो. उपयोग होतो तो पाळीव पक्ष्यांचं खाद्य-पाणी रानपक्ष्यांपासून वेगळं ठेवण्याचा. तळ्याकाठून बदकं बघण्यात काही गैर नाही. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात न लावता कळवावं, एवढं पुरे.

## मॅलार्ड इतकं भरपूर आहे, मग काळजी कशाची?

मॅलार्डची नाही, त्याच्या नातेवाइकांची. मस्कोव्ही ही वेगळी जात सोडली तर जगातली जवळपास सगळी पाळीव बदकं मॅलार्डपासूनच आली आहेत, पांढरं पेकिनही. त्यातली सुटलेली, आणि शिकारीसाठी वाढवून सोडलेली बदकं रानटी पक्ष्यांत मिसळतात. एकट्या युरोपात दरवर्षी तीस लाखांहून जास्त मॅलार्ड असे सोडले जातात.

मॅलार्डच्या काही जवळच्या जातींत नर-मादी दोघंही तपकिरी असतात: अमेरिकेतलं काळं बदक, फ्लोरिडाचं मॉटल्ड बदक, हवाईचं कोलोआ, न्यूझीलंडचं राखी बदक. मॅलार्ड माणसाच्या हातून त्यांच्या पाणवठ्यांवर पोचलं किंवा तिथे वाढलं, की हिरव्या डोक्याचे नर त्यांच्या माद्यांशी जोड्या जमवतात. संकर पिल्लं वांझ नसतात, त्यामुळे मिश्रण पुढच्या पिढ्यांत वाढत जातं. न्यूझीलंडमध्ये राखी बदकाची जागा मॅलार्ड आणि संकरांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. हवाईत कोलोआ बऱ्यापैकी शुद्ध उरलं आहे ते मुख्यतः कौआई बेटावर. फ्लोरिडात परवान्याशिवाय मॅलार्ड मोकळं सोडायला कायद्याने मनाई आहे.

संकर नर ओळखता येतो: डोक्यावर हिरवटपणाचे ठिपके, शेपटीवर अर्धवट वळलेलं पीस. संकर मादीच्या बाबतीत डोळे पुरत नाहीत. चोचीचा रंग आणि पंखपट्ट्याच्या पांढऱ्या कडांवरून अंदाज बांधता येतो, पण तपकिरीत तपकिरी मिसळून गेलेलं असतं. ती शुद्ध कोलोआ की मिश्र, हे खात्रीने ठरवायचं तर तिचा डीएनए तपासावा लागतो.